खोडलेली नोंद

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि तीन आठवड्यांत खोल्या रिकाम्या करायचं ठरलं. भांडी, गाद्या, देव्हारा, शिलाई मशीन यांचं काय करायचं ते बायकोनं केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. प्रश्न उरला माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंकांचा. त्यांत माझी कॉमिक्स आहेत. थोडी सुपरमॅन-बॅटमनची, बाकी सगळी स्पायडरमॅनची. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं ही जपून ठेवावीत, याचा आमच्या नात्यागोत्यात कोणी उघड उल्लेख करत नाही. एखाद्याच्या मुलाचं लग्न जमत नसलं की लोक विषय टाळतात, तसा टाळतात.

मदतीला भाची आली. ती टीव्हीसाठी मालिका लिहिते. तिच्या भाषेत 'ट्रॅक बांधते'. ट्रंक उघडली आणि बांधाबांध तिथंच थांबली. पुढचं बोलणं आठवलं तसं उतरवलं आहे. माझी वाक्यं तिच्यापेक्षा घोटीव वाटली तर लिहिणारा मी आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

"मामा, हा एक अंक वेगळा प्लॅस्टिकमध्ये का?"

"ते लग्न आहे. पीटर पार्कर आणि मेरी जेनचं. १९८७, 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा एकविसावा वार्षिक अंक."

"हां, ते मोडलेलं लग्न. लहानपणापासून ऐकतेय मी हे."

"मोडलं असतं तर माझी तक्रार नव्हती. लग्नं मोडतात. हे झालंच नव्हतं, असं ठरवलं त्यांनी."

ती मांडी घालून बसली. मालिका लिहिणाऱ्या माणसाला कोणाच्याही दुःखात ट्रॅक दिसतो. मी सांगितलं. २००६ साली 'सिव्हिल वॉर' या कथेत पीटरनं पत्रकारांसमोर मुखवटा काढला. शत्रूंना तो कोण ते कळलं. पुढे गोळी झाडली गेली ती त्याच्यावर, लागली मे काकूला. काकू मरणाच्या दारात असताना मेफिस्टो येतो, म्हणजे सैतानच म्हणायचा. तो म्हणतो, काकूला वाचवतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. आत्मा नको, लग्न हवं. नवराबायको कबूल होतात. सकाळी पीटर काकूच्या घरी जागा होतो. लग्न कधी झालेलंच नाही, आणि मुखवट्यामागचा चेहराही जग विसरलेलं. कथेचं नाव 'वन मोअर डे', चार अंक, साल २००७.

"थांब, थांब. म्हाताऱ्या काकूसाठी त्यानं बायको दिली?"

"दिली."

"मामा, आमच्या चॅनेलला हे इतकं आवडेल! सासूसाठी संसार सोडला. सहा महिने चालेल."

"तुझं चॅनेल निदान सैतान आणणार नाही."

"टीआरपी पडला तर तोही आणू."

तिच्या हसण्यात सामील व्हावं असं वाटलं नाही. मी सांगत राहिलो. जे. मायकल स्ट्राझिन्स्की हा लेखक २००१ पासून ही मालिका लिहीत होता. शेवट त्याला पटला नाही. शेवटच्या दोन अंकांवरून माझं नाव काढून टाका, इथवर त्याची तयारी झाली होती. मग समजूत पटवली गेली आणि नाव राहिलं. चित्रं काढली होती जो केसाडानं, म्हणजे मार्व्हलच्या मुख्य संपादकानं. निर्णय त्याचा आणि पेन्सिलही त्याचीच.

"त्याचं म्हणणं काय होतं पण?"

"लग्न झालेला पीटर म्हातारा वाटतो. घटस्फोट दिला तर आणखी वाटेल, विधुर केला तर त्याहून. म्हणून लग्नच नको."

"तर्क बरोबर आहे."

"बेरीज बरोबर आहे. अफरातफर करणाऱ्या कॅशियरची बेरीजसुद्धा बरोबरच असते."

"हे बघ, तू चिडलायस म्हणून तो चोर होत नाही. मला मुद्दा सांग. नेमकं काय चोरलं?"

प्रश्न रास्त होता आणि सतरा-अठरा वर्षांत मला कोणी तो विचारला नव्हता. मी बँकेच्या भाषेत उत्तर दिलं, कारण दुसरी येत नाही. आमच्याकडे लेजरमधली चुकीची नोंद खोडायची नाही, हा पहिला धडा. खोडरबर टेबलावर ठेवणंच मुळात वाईट दिसायचं. चूक झाली तर उलटी नोंद घालायची. मूळ नोंद दिसते, दुरुस्ती दिसते, सही दिसते. पीटरचं लग्न चुकलं असेल तर उलटी नोंद घाला ना! भांडणं दाखवा, कोर्ट दाखवा, मेरी जेन बॅग भरून निघालेली दाखवा. मी रडलो असतो आणि पुढचा अंक घेतला असता. पण वीस वर्षांची पानं खोडायची आणि खातेदाराला सांगायचं की तुमचा जमाखर्च पहिल्यापासून असाच होता?

"तू खातेदार कुठायस? खातं कंपनीचं आहे. १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला, हे तूच मला सांगितलंस. निर्माणकर्त्याला जिथं काही उरलं नाही, तिथं वाचकाला कुठला हक्क?"

"मी ठेवीदार आहे."

"कसली ठेव?"

"वेळ."

"ठीक आहे, वाक्य चांगलं आहे," ती म्हणाली. "पण आता माझा गृहपाठ ऐक. ते लग्न ठरवलं कोणी? स्टॅन ली वर्तमानपत्रातली स्पायडरमॅनची चित्रपट्टी लिहायचा. त्यानं तिथं दोघांचं लग्न लावायचं ठरवलं. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाला, मग आपल्या अंकातही लावू. ५ जून १९८७ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वेश घातलेल्या माणसांचं खोटं लग्न लागलं, भटजी स्टॅन ली. मामा, हा कथेतून आलेला क्षण नाही, हा प्रमोशनल इव्हेंट आहे. तुझं लग्नही वरूनच आलं होतं. वरून आलेलं एक तुला गोड लागलं, दुसरं कडू. त्याला तत्त्व म्हणतोयस तू."

इथं मला पाणी प्यावंसं वाटलं. खरी गोष्ट अशी की, हे मलाही माहीत होतं. आपल्या बाजूची कमकुवत कागदपत्रं आपल्याला नेहमीच माहीत असतात. नवरीच्या पोशाखाचा नमुना विली स्मिथ या खऱ्याखुऱ्या फॅशन डिझायनरनं केला होता आणि अंक यायच्या आधीच तो वारला, हेही माहीत होतं. आठव्या इयत्तेतल्या मुलीनं शाहरुखची कात्रणं जपावीत तशी मी ही माहिती जपली आहे.

"वरून आलं असेल," मी म्हणालो, "पण ते जुन्यावर चढवलं. जुनं पुसलं नाही. आणि लग्न कोणीही लावो, वीस वर्षं संसार लेखकांनी केला. आईवडिलांनी ठरवलेलं लग्न कोणी 'वरून आलेलं' म्हणून रद्द करतं का? आमचंही वरूनच आलं होतं."

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. तो योगायोग होता, असं मी धरून चालतो.

"संपादक पीटरला वाढू देत नाहीत," भाची म्हणाली, "असं तुमचं म्हणणं ना? पण तो वाढण्यासाठी नाहीच. तो बारा वर्षांच्या मुलासाठी आहे. दर काही वर्षांनी नवा बारा वर्षांचा मुलगा येतो, त्याला कर्जाचे हप्ते फेडणारा पीटर कशाला हवा?"

"मग सुरुवातीला वाढवला कशाला?" मी पहिल्या ट्रंकेत हात घातला. "ऑगस्ट १९६२ चा अंक, बारा सेंट किंमत, पीटर पंधरा वर्षांचा. १९६५ मध्ये तो शाळा सोडून कॉलेजात गेला. म्हणजे वाचकाची तीन वर्षं आणि त्याची तीन वर्षं जवळजवळ सारखी. हाच तर स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोचा चमत्कार होता! सुपरमॅन कधी दहावीला बसला नव्हता. मग घड्याळ मंदावलं. कॉलेजची पदवी मिळायला १९७८ उजाडलं."

"तेरा वर्षं? एटीकेटी लागली होती का?"

"हसू नको. आणि वाचकांना हिशेब ठेवायला कोणी शिकवलं? त्यांनीच. पत्रांच्या पानावर चुका काढणाऱ्याला मार्व्हल 'नो-प्राइझ' द्यायचं. म्हणजे काय, तर वरती बक्षीस आत आहे म्हणून छापलेलं पाकीट, आत काही नाही. रिकामं पाकीट मिळवण्यासाठी पोरं अंकन्अंक ताडून बघायची. पन्नास अंकांपूर्वी काय घडलं होतं ते तळटिपेत संपादक स्वतः द्यायचा. वीस-पंचवीस वर्षं एका पिढीला ऑडिटर बनवलं आणि मग म्हणायचं, वही कशाला बघता?"

हा मुद्दा तिला पटला असावा, कारण तिनं विषय बदलला. चांगली वकील झाली असती.

"तू तरी क्रमानं कुठं वाचलास? फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणायचास ना?"

तिथून आणि रद्दीवाल्याकडून. जो अंक मिळेल तो. त्यामुळे मला ग्वेन स्टेसी मेल्याचं आधी कळलं आणि ती जिवंत असतानाचे अंक नंतर हाती आले. ग्वेन ही पीटरची आधीची प्रेयसी. जून १९७३ चा १२१ वा अंक. खलनायक तिला पुलावरून खाली टाकतो, पीटर जाळं फेकून तिला पकडतो आणि वर ओढून घेतो तेव्हा ती मेलेली असते. कथेचं नाव पहिल्या पानावर द्यायची रीत. इथं ते शेवटच्या पानावर आहे, कारण नावातच तिचा मृत्यू आहे. तिच्या मानेपाशी बारीक अक्षरात एक आवाज लिहिलेला आहे, 'स्नॅप'. पडण्यानं गेली की त्याच्या झटक्यानं? वाचकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि काही महिन्यांनी पत्रांच्या पानावर संपादकांनी मान्य केलं की झटक्यानंच. म्हणजे वाचवणाऱ्याच्या हातून. लेखक गेरी कॉनवे तेव्हा वीस वर्षांचा होता. तो अंक वाचल्यानंतर मला फुटपाथवर तिच्या कॉलेजातल्या दिवसांचे अंक मिळत गेले. प्रत्येक पानावर ती हसायची, आणि मला माहीत असायचं.

"आणि हा मृत्यू तुला चालतो," भाची हळू आवाजात म्हणाली. "तेव्हाचे वाचक मात्र खवळले होते. त्यांच्या दृष्टीनं त्या वीस वर्षांच्या पोरानं त्यांची ग्वेन मारली. तू तिथं दहा वर्षांनी पोचलास म्हणून तुला ती शोकांतिका वाटते. उशिरा येणाऱ्याला संपादकाचा निर्णय दिसत नाही, नुसती गोष्ट दिसते. २००७ नंतर जन्मलेल्या मुलाला मेफिस्टो तसाच दिसत असेल."

हा खरा फटका होता. मी गप्प बसलो. मग म्हणालो, "ग्वेनची नोंद खोडली नाही. तिचं ओझं पीटर त्यापुढच्या सगळ्या अंकांत वागवतो. ओझं राहिलं म्हणून ते चाललं."

"२००४ मध्ये खोडली. तुझ्या त्या बिचाऱ्या लेखकानंच, स्ट्राझिन्स्कीनं. ग्वेनला खलनायकापासून जुळी झाली होती म्हणे."

"त्या कथेचं नाव या घरात काढायचं नाही."

"नाही, काढायचं. तुमच्या लोकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं आहे : लेखक म्हणजे संत, संपादक म्हणजे सावकार. जुळी ही लेखकाची कल्पना. ती पीटरची असावीत असं त्याला वाटत होतं, ते वरच्यांना चालेना, मग बाप बदलला. वाईट गोष्ट दोघांनी मिळून केली. आमच्याकडे रोज हेच होतं. गुरुवारी आकडे येतात, शुक्रवारी फोन येतो, नायिका सोमवारपर्यंत गरोदर. मी लिहिते. माझं नाव जातं. शिव्या कधी मला, कधी चॅनेलला, बहुतेक वेळा त्या नटीला, जी बिचारी फक्त पाठांतर करते."

चहा आला. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून १९९४ ते ९६ च्या गठ्ठ्यावर ठेवले. तो सगळा क्लोनचा ट्रॅक आहे. तुम्ही वीस वर्षं वाचलात तो पीटर नक्कल होता आणि खरा वेगळाच, असं सांगून वाचकाला सुमारे दोन वर्षं फिरवलं आणि परत जागेवर आणून सोडलं. मुळात ती गोष्ट लवकर आटपायची होती, पण खप होता म्हणून विक्रीवाल्यांनी ताणायला लावली. त्या अंकांवर चहा सांडला तर हरकत नव्हती.

"डेली सोपच आहे हे," भाची म्हणाली. "मग वाचकांच्याच हातात द्यावं का सगळं? दिलं होतं ना एकदा. बॅटमनचा तो मुलगा."

जेसन टॉड, दुसरा रॉबिन. तो वाचकांना आवडत नव्हता. १९८८ च्या सप्टेंबरात डीसीनं, म्हणजे बॅटमनच्या कंपनीनं, दोन फोन नंबर दिले, एक जगवण्याचा, एक मारण्याचा. एका फोनला पन्नास सेंट, मुदत छत्तीस तास. दोन्ही शेवटांची पानं तयार ठेवली होती. जगवा म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३.

"फरक?"

"बहात्तर."

"आपल्या चाळीत बिऱ्हाडं किती, मामा?"

"अडुसष्ट."

"म्हणजे एका चाळीतल्या बिऱ्हाडांएवढ्या माणसांनी पोर मारलं. तेही पैसे भरून."

"एकाच माणसानं यंत्र लावून पुन्हा पुन्हा फोन केले, असंही सांगतात."

"मग तर सांगूच नकोस मला वाचकांची लोकशाही. आणि नंतर? २००५ मध्ये तो जिवंत झाला आणि आता तोच लोकांचा लाडका. ज्यांना तो नको होता, त्यांनाच तो हवा झाला. त्याच वर्षी कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी. किती वर्षं मेला होता?"

"१९६४ पासून."

"त्याला हात लावायचा नाही असा तुमचाच दंडक होता ना? लेखक ब्रुबेकरनं उठवला, विंटर सोल्जर केला, आणि तू सिनेमा दोनदा पाहिलास. वाचकाला काय आवडेल ते त्याला आधी ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर आम्ही कशाला?"

मी मान्य केलं. २०१२ च्या अखेरीस ७०० व्या अंकात पीटरच्या शरीरात डॉक्टर ऑक्टोपसचं मन राहून गेलं तेव्हा मीही महिनाभर कुढलो होतो. आणि मग तो ऑक्टोपस-स्पायडरमॅन इतका मजेदार निघाला की पीटर परत आल्यावर किंचित हळहळलो. हे मी तिला सांगितलं. त्या कथेच्या लेखकाला, डॅन स्लॉटला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, हे सांगायचं नव्हतं, पण तिला ते माहीत होतं.

"मामा, मागच्या वर्षी मी एक पात्र मारलं," ती कपाकडे बघत म्हणाली. "माझ्या फोनवर काय काय आलं ते मी आईला दाखवलेलं नाही."

यावर ठेवीदाराकडे उत्तर नाही. मी दिलंही नाही. थोडा वेळ आम्ही दोघं नुसते अंक लावत राहिलो.

मग बायको पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं आयुष्यात स्पायडरमॅन वाचलेला नाही, पण दादरला माहेरी इंद्रजाल कॉमिक्स यायची, मराठीतली. "वेताळाचं लग्न झालं ना डायनाशी? जुळी पोरं झाली. काय बिघडलं? खोपडीच्या गुहेत पाळणा टांगला, पुढं सुरू."

दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. खरंच की! ली फॉकनं १९३६ मध्ये सुरू केलेल्या फँटमचं, म्हणजेच वेताळाचं, लग्न १९७७ मध्ये लावलं, पुढे किट आणि हेलॉइज झाली, आणि तो विवाहितच राहिला. कोणालाही तो म्हातारा वाटला नाही. मुळात ती गोष्टच बापानंतर मुलगा मुखवटा घालतो याची आहे, त्यामुळे पोर होणं हा तिथं कथेचा शेवट नसून कथेची सोय आहे.

"मामी, पण तो एकाच माणसानं लिहिला," भाची म्हणाली. "त्रेसष्ट वर्षं, मरेपर्यंत. त्याला कधी लग्न लावायचं ते त्याचं तो ठरवत होता. इथं पीटरमागे तीन-चार मासिकं, दहा लेखक, खेळणी, सिनेमे. सुपरमॅन १९९२ मध्ये का मेला माहीत आहे?"

"का?" बायकोनं विचारलं.

"त्याचं लग्न लावायचं ठरलं होतं. तेवढ्यात लोइस आणि क्लार्कची, म्हणजे नवरीची आणि सुपरमॅनचीच, टीव्ही मालिका येणार असं कळलं. लग्न दोन्हीकडे एकदम लागावं म्हणून अंकातलं पुढं ढकललं. आता मधल्या काळात करायचं काय? बैठकीत कोणीतरी म्हणालं, मारून टाकू. दरवेळी गमतीनं म्हणायचे, यावेळी खरंच मारला. १९९६ मध्ये दोन्हीकडे एकदम अक्षता पडल्या."

"म्हणजे हॉल मिळाला नाही म्हणून नवऱ्याला मारला," बायको म्हणाली आणि आत गेली.

भाचीनं तेवढ्यात आपला हुकमी पत्ता काढला, म्हणजे मला तो हुकमी वाटला. "केसाडाचा जन्म कधीचा?"

"१९६२."

"स्पायडरमॅनचाही. लग्न झालं तेव्हा तो पंचविशीतला. म्हणजे त्यानं लहानपणी जो पीटर वाचला तो अविवाहित. मामा, तुला असं कधी वाटलं नाही का, की तो तुझ्यासारखाच आहे? त्यालाही त्याचा स्पायडरमॅन परत हवा होता. या सगळ्या कंपन्यांत आता वाचकच संपादक झालेत. तुमचं भांडण सावकाराशी नाही, भावकीतलं आहे. एकाच वाड्यासाठी."

मला हे आधी सुचलं नव्हतं. बँकेत वरच्या मजल्यावरचे साहेब परके असतात असं धरूनच आम्ही चिडायचो. तेही एके काळी काउंटरवर बसले होते, हे विसरून.

"असेल," मी म्हणालो. "पण किल्ली त्याच्याकडे होती. मी चिडलो तर पत्र लिहितो, तो चिडला तर सैतान पाठवतो."

"पत्रांनी झालंय की काम. स्पायडर-गर्ल तूच दाखवलीस."

ती मात्र गोड आठवण. पीटर आणि मेरी जेनची मुलगी मोठी झाली तर, अशी १९९८ मधली कथा. मालिका कितीदा तरी बंद होणार म्हणून जाहीर व्हायची, वाचक पत्रं लिहायचे, ती पुन्हा सुरू राहायची; करत करत शंभर अंक झाले. आणि वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत तर आणखी गंमत. 'वन मोअर डे'नंतर २००९ च्या जानेवारीत तिथंही पीटरला एकाएकी अविवाहित केलं. वाचक रागावले. काही महिन्यांत पीटर जागा झाला, शेजारी बायको, सगळं स्वप्न होतं.

"मग जिंकलात ना? २०२४ मध्ये तर हिकमननं लिहिलेल्या नव्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये मेरी जेन आहे, दोन मुलं आहेत, पीटर पस्तिशीचा आहे. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. अजून काय हवं?"

"तो दुसऱ्या विश्वातला पीटर आहे. माझं खातं बंद केलं आणि दुसऱ्या शाखेत त्याच नावाचं नवं उघडून दिलं. नवी ठेव ठेवा म्हणतात. जुन्या पासबुकाचं काय?"

"पासबुक तुझ्या ट्रंकेत आहे. ते काढून न्यायला कोण आलंय?" ती म्हणाली, आणि मग थांबली. "हा १९८७ चा अंक आहे तुझ्या हातात. शाई गेली नाही. तू म्हणतोस खोडलं, कुठं खोडलंय?"

"पुढच्या अंकातल्या माणसांच्या आठवणीतून."

"ती कागदाची माणसं आहेत, मामा. आठवण तुझी आहे."

"अगं, तेच. आता एकट्याची आहे."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी हात घालून तिनं पाचशेच्या पुढचे अंक वर काढले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात रचू लागली. मी आकडे सांगत होतो, ती तपासत होती. पाचशे एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

"हे काय? पाचशे चव्वेचाळीस. मामा, हे तर तेच! तू विकत घेतलेस?"

न्यू जर्सीच्या चुलतभावाकडून मागवले होते. चारही. दिवाळीच्या फराळाच्या बदल्यात.

"शिव्या देतोस आणि पैसेही देतोस! मग ते संपादक म्हणणारच की धोरण यशस्वी झालं. आमच्याकडे पण शिव्या घालणारा टीआरपीत धरतातच." तिनं पुढचा अंक उचलला आणि कपाळाला आठी घातली. "इथं तुझं चुकलंय. चव्वेचाळीसनंतर हा चोवीस नंबर कसा? आणि हा एक्केचाळीस? ही तर वेगळी मासिकं आहेत, नावंही वेगळी. मग पंचेचाळीस. हे मधले दोन त्यांच्या खोक्यात टाकू?"

"नको."

"नंबर जुळत नाहीत."

"नंबर नाही जुळत," मी म्हणालो, "पण गोष्ट त्याच क्रमानं आहे. तशीच राहू दे."